नळ कुणाच्या हातात?

"पाणी आलं का गं?" हा आपल्या छोट्या शहरातला सकाळचा पहिला प्रश्न. चहा झाला का, पेपर आला का, हे सगळं त्यानंतर. पाण्याची वेळ पहाटे चारची असेल, तर घरातली बाई चारला उठणार. दुपारी दोनची असेल, तर बँकेतलं काम असो की शाळेतली पालकसभा, दोनच्या आत तिला घर गाठायचंच असतं. माहेरी जायचं तेसुद्धा पाण्याचा वार बघून! घरातले पुरुष फार तर मोटर लावतात. पिंप धुणं, हंडे भरणं, फडक्यानं गाळणं, तुरटी फिरवणं, आजारी माणसासाठी उकळून ठेवणं हे सगळं खातं आपलं. म्हणजे पाणी वापरतं सगळं घर, पण पाणी 'सांभाळते' ती बाई. आणि तरीही गावाच्या पाण्याचं काय करायचं हे जिथं ठरतं, तिथं आपण नसतो. आपण नळाशी असतो, निर्णय सभागृहात होतो.

हे आज लिहायचं कारण म्हणजे एक वाक्य. गेली काही वर्षं ते सारखं कानावर येतं. "नगरपालिकेच्यानं काही होत नाही, देऊन टाका पाणी एखाद्या कंपनीला." पानाच्या टपरीवर ऐकू येतं, लग्नाच्या पंगतीत ऐकू येतं. परवा आमच्या बचत गटाच्या बैठकीतही विषय निघाला. एक ताई म्हणाल्या, "वहिनी, कंपनी देवो नाहीतर कुणीही देवो. रोज पाणी येऊ दे म्हणजे झालं."

त्या ताईंचं काय चुकलं, सांगा! चार दिवसांआड पाणी, तेही करंगळीएवढ्या धारेनं. पहिली दहा मिनिटं गढूळ. तक्रार करायला गेलं तर "वरून लाईट नाही", "व्हॉल्व्ह खराब आहे", "साहेब मीटिंगला गेलेत". जिनं आयुष्यभर हे सोसलं, तिला मालक कोण याच्याशी काय देणंघेणं? म्हणून तिचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. पण 'देऊन टाका' म्हणण्याआधी एक गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकावी असं मला वाटतं. गोष्ट दूरची आहे, पण त्यातली माणसं आपल्यासारखीच आहेत.

दक्षिण अमेरिकेत बोलिव्हिया नावाचा देश आहे. तिथलं कोचाबांबा हे डोंगरांनी वेढलेलं शहर. तिथली सरकारी पाणीसंस्था अगदी आपल्यासारखीच होती. तोट्यात चाललेली, गळक्या पाइपांची. शहराच्या दक्षिणेकडच्या गरीब वस्त्यांत नळच नव्हते, तिथं टँकरचं पाणी विकत घ्यावं लागे. कर्ज देणाऱ्या जागतिक बँकेचा आग्रह होता, की पाणी खासगीकडे सोपवा. १९९९ साली निविदा निघाली. एकच कंपनी पुढे आली. तिच्यामागे बेक्टेल ही अमेरिकेतली मोठी कंपनी होती. करार झाला चाळीस वर्षांचा. त्यात कंपनीला वर्षाला सुमारे १६ टक्के परतावा मिळेल अशी हमीच होती. पाऊस पडो न पडो, लोकांना पाणी मिळो न मिळो, कंपनीचा नफा पक्का!

जानेवारी २००० मध्ये नवी बिलं आली. कंपनी म्हणाली, सरासरी ३५ टक्के वाढ आहे. पण कितीतरी घरांची बिलं दुपटीवर गेली. महिन्याला शंभर डॉलरसुद्धा न कमावणाऱ्या कुटुंबांना वीस-वीस डॉलरचं बिल. म्हणजे कमाईचा पाचवा हिस्सा नुसत्या पाण्यावर! त्याहून चीड आणणारी गोष्ट वेगळीच होती. जिथं सरकारी नळ पोचला नव्हता तिथं लोकांनी वर्गणी काढून, स्वतः खणून विहिरी केल्या होत्या, लहान-लहान नळयोजना चालवल्या होत्या. नव्या कायद्यानं आणि करारानं त्याही कंपनीच्या अखत्यारीत जाणार, अशी वेळ आली. आपल्या हातानं खणलेल्या विहिरीवर परक्याचा मीटर!

मग शहर पेटलं. शेतकरी, कामगार, शिक्षक, बाजारात भाजी विकणाऱ्या बायका, घर सांभाळणाऱ्या बायका, सगळे रस्त्यावर आले. बिलं चौकात जाळली. एप्रिलमध्ये सरकारनं आणीबाणी लावली. ८ एप्रिलला गोळीबारात एक सतरा वर्षांचा मुलगा गेला. पाण्याच्या बिलापायी एका आईचं पोर गेलं, मैत्रिणींनो. अखेर १० एप्रिल २००० रोजी सरकारनं करार मोडत असल्याचं मान्य केलं. कंपनीनं पुढं जागतिक बँकेच्या लवादापुढं अडीच कोटी डॉलरची भरपाई मागितली. त्यावरही जगभरातून टीका झाली, आणि २००६ मध्ये नुसत्या नाममात्र रकमेवर, तिथल्या दोन नाण्यांवर, तो दावा संपला. याच बोलिव्हियाच्या पुढाकारानं जुलै २०१० मध्ये संयुक्त राष्ट्रांनी पिण्याचं पाणी हा माणसाचा हक्क आहे असा ठराव केला. भारतानंही त्याच्या बाजूनं मत दिलं.

गोष्ट इथं संपवली असती तर छान वाटलं असतं. पण पुढचंही सांगायला हवं. पाणी परत सरकारी संस्थेकडे आलं, आणि कित्येक वर्षांनंतरही दक्षिणेच्या वस्त्यांतल्या बायका टँकरचीच वाट बघत होत्या. गळती तीच, गैरकारभाराच्या तक्रारी त्याच. म्हणजे कंपनी गेली एवढ्यानं नळाला पाणी आलं नाही. माझ्या मते कोचाबांबाचा खरा धडा यातच आहे. पाणी लोकांच्या मालकीचं असणं ही पहिली पायरी झाली. त्यावर लोकांची नजर असणं ही दुसरी. पहिली चढून आपण थांबलो, तर घरात पाणी येत नाही.

आता आपल्याकडे बघू. आपल्याला वाटतं, खासगी पाणी अजून यायचंय. अहो, ते कधीच आलंय. गार पाण्याचा जार दारात येतो ना, तेच ते! हिशेब करून पाहा. वीस लिटरचा जार तीस रुपयांना धरला, तर लिटरला दीड रुपया, हजार लिटरला दीड हजार रुपये. रोज एक जार घेणारं घर वर्षाला जवळपास अकरा हजार रुपये देतं. आमच्या गावात वर्षाची पाणीपट्टी दोन हजारांच्या आतबाहेर आहे. तिच्यात तीनशेची वाढ म्हटली की मोर्चा निघतो. अकरा हजारांसाठी मात्र आपण जारवाल्याला "उद्या लवकर ये रे बाबा" म्हणतो. ते पाणी कुठल्या बोअरचं, कुणी तपासलं, कधी तपासलं, हे आपण विचारतही नाही. नगरपालिकेचा नळ जितका खराब, तितका जारवाल्याचा आणि टँकरवाल्याचा धंदा जोरात. आणि ज्या घरात रोजचे तीस रुपये निघत नाहीत, ती बाई? ती नळाचं गढूळ पाणी पिते, किंवा हातपंपावर जाते. गावात एकाच वेळी दोन प्रकारचं पाणी तयार झालंय, पैसेवाल्यांचं एक आणि बिनपैशांचं दुसरं.

आपल्याच राज्यात नागपूरनं वेगळी वाट धरली. धरमपेठ भागात आधी प्रयोग झाला, आणि २०१२ साली अख्ख्या शहराचा पाणीपुरवठा चालवण्याचं काम २५ वर्षांसाठी एका खासगी कंपनीकडे गेलं. पाण्याचे स्रोत आणि योजना महापालिकेच्याच मालकीच्या राहिल्या. काही वस्त्यांना पूर्वीपेक्षा चांगलं पाणी मिळालं, हे मान्य करायला हवं. पण साऱ्या शहराला चोवीस तास पाणी देण्याची ठरलेली मुदत उलटून गेली तरी काम पुरं झालं नव्हतं, आणि वाढीव बिलांच्या तक्रारी वर्षानुवर्षं गाजत राहिल्या. मुंबईत अंधेरी-जोगेश्वरी-पार्ले पूर्व भागाच्या के-पूर्व वॉर्डात २००६-०७ मध्ये अशीच तयारी चालली होती. तिथं नागरिकांनी बैठकीतच इतके प्रश्न विचारले, की ती योजना मागं पडली.

कुणी म्हणेल, म्हणजे ठेकेदाराला कामच द्यायचं नाही का? तसं मी म्हणत नाही. पाइप टाकायला, पंप दुरुस्त करायला, मीटर बसवायला माणसं लागतातच. घराला रंग द्यायला आपण रंगाऱ्याला बोलावतोच की. पण रंगाऱ्याला घराची किल्ली देऊन तीस वर्षांसाठी गावाला जात नाही! पाण्याचा दर कोण ठरवणार, ज्याचं बिल थकलं त्याचा नळ तोडायचा की नाही हे कोण ठरवणार, आणि जमाखर्चाची वही कोण बघणार, हे तीन अधिकार ज्याच्या हातात, त्याच्या हातात पाणी. ते तीन अधिकार गावाबाहेर जाता कामा नयेत, एवढंच माझं म्हणणं.

वही बघण्याचं महत्त्व पॅरिसकडून शिकावं. त्या एवढ्या श्रीमंत शहरात १९८५ पासून पाणी वाटण्याचं काम दोन बड्या खासगी कंपन्यांकडे होतं, नदीच्या या काठाला एक, त्या काठाला दुसरी. करार संपल्यावर शहरानं १ जानेवारी २०१० पासून सगळं काम स्वतःच्या संस्थेकडे घेतलं. पहिल्याच वर्षी सुमारे साडेतीन कोटी युरोंची बचत झाली, आणि २०११ मध्ये पाण्याचा दर आठ टक्क्यांनी उतरवला. पूर्वी कंपन्यांच्या नफ्यात जाणारा पैसा आता पाण्यावरच खर्च होऊ लागला. शिवाय पाणी वापरणाऱ्या नागरिकांना कारभारावर नजर ठेवायला, प्रश्न विचारायला एक व्यासपीठ दिलं. म्हणजे पहिली पायरीही चढले आणि दुसरीही.

'सार्वजनिक' या शब्दाबद्दल आपल्या महाराष्ट्राला तर कुणी बाहेरून शिकवायला नको. महाडचं चवदार तळं आठवा. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत असा ठराव १९२३ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात झाला होता. पुढच्या वर्षी महाडच्या नगरपालिकेनंही तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर सगळं झालं होतं! पण अस्पृश्य म्हटल्या गेलेल्या माणसांना त्या पाण्याला हात लावायची सोय नव्हती. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांना घेऊन तळ्यावर गेले, ओंजळभर पाणी प्यायले, तेव्हा तो ठराव जिवंत झाला. त्याबद्दल मारहाण सोसावी लागली, खटला दहा वर्षं चालला, आणि १९३७ साली उच्च न्यायालयात तो हक्क कायम झाला. नगरपालिकेचं पाणी म्हणजे आपोआप सगळ्यांचं पाणी होत नाही. ते सगळ्यांचं करून घ्यावं लागतं. आजही गावाच्या टोकाच्या वस्तीत पाणी सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात कमी का पोचतं, हा प्रश्न आपण विचारला पाहिजे.

आता थोडं आपल्याही बाजूचं बोलू. पाणीपट्टीची थकबाकी बघितली तर डोळे फिरतील अशी स्थिती अनेक नगरपालिकांत आहे. त्यात थकवणारे सगळे गरीब नसतात बरं का! बंगल्यात दोन-दोन नळ, त्यातला एक बिनपावतीचा. पाणी आलं की थेट लाईनला मोटर, म्हणजे पुढच्या घराची धार बंद. वीज बिल एक महिना थकलं तर आपण घाबरतो, पाणीपट्टी पाच वर्षं थकली तरी हसतो. मग नगरपालिकेकडे पंप दुरुस्त करायला पैसे नसतात, आणि 'देऊन टाका' म्हणणाऱ्याला आयतं निमित्त मिळतं.

आणखी एक गोष्ट समजून घेऊ. पाणी चार दिवसांआड सोडलं म्हणजे वाचतं, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात मधल्या दिवसांत पाइप रिकामे राहतात. जिथं पाइप फुटलेला असतो तिथून शेजारच्या गटाराचं पाणी आत ओढलं जातं. नळाचं पहिलं पाणी गढूळ येतं ते यामुळंही. आणि ताजं पाणी आलं म्हणून साठवलेलं आपण ओतून टाकतो, ते वेगळंच.

हे बदलता येतं का? येतं, आणि नगरपालिकेला ठेवूनच येतं. कऱ्हाडजवळचं मलकापूर कोयनेचं पाणी घेतं. छोटंसं गाव, पण तिथं महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या मदतीनं चोवीस तास पाण्याची योजना उभी राहिली. घरोघर मीटर बसले. जितका वापर, तितकं बिल. ओडिशातल्या पुरी शहरात जुलै २०२१ पासून थेट नळाखाली तांब्या धरून प्यावं असं पाणी चोवीस तास देण्याची योजना सुरू झाली. यात्रेकरूंचं शहर ते, त्यामुळं रस्त्यारस्त्यावर पिण्याच्या पाण्याचे नळ आले. हे काम राज्य सरकारच्या मालकीच्या संस्थेनं केलं. आणि आपल्यासाठी महत्त्वाचं म्हणजे तिथल्या 'जलसाथी'. बचत गटातल्या बायका! त्या घरोघर जाऊन मीटर वाचतात, बिल देतात, वसुली करतात, पाण्याची तपासणी करतात, नवी जोडणी मिळवून देतात. वसुलीतला ठरलेला वाटा त्यांना मिळतो. पाणीही गावाचं, रोजगारही गावातल्या बाईला. आपल्या बचत गटांनी पापड-लोणच्यांपलीकडे असा विचार का करू नये? बिल घेऊन दारात आलेली बाई ओळखीची असेल, तर पैसेही भरले जातात आणि तक्रारही तिच्याच कानावर घालता येते.

कायदा आपल्या बाजूनं आहे. महाराष्ट्राच्या १९६५ च्या नगरपरिषद कायद्यानं पाणी पुरवणं हे नगरपालिकेचं बंधनकारक काम ठरवलंय. ती मेहेरबानी नाही. २०११ पासून आपल्या राज्यात पालिकांमधल्या निम्म्या जागा महिलांना आहेत. मध्यंतरी काही वर्षं कित्येक नगरपालिकांत निवडून आलेलं कुणीच नव्हतं, प्रशासक कारभार बघत होते. तेव्हा दार ठोठवायला नगरसेविकाही नव्हती. ज्या गावात ती आज आहे, तिथं तिला घरात न ठेवता सभेत बोलती ठेवणं हे आपलंच काम. तिच्याऐवजी "साहेब" उत्तर देऊ लागले तर सरळ म्हणावं, "तुम्ही नाही हो, बाईंना बोलू द्या."

आणि बोलायचं काय? पाच प्रश्न वहीत लिहून ठेवा. एक, गावाला रोज किती पाणी उचललं जातं आणि घरापर्यंत किती पोचतं? मधलं कुठं जातं? दोन, भुयारी गटार असलेल्या शहराला माणशी १३५ लिटर असं सरकारी प्रमाण आहे, आमच्या वस्तीला किती मिळतं? तीन, पाण्याची तपासणी शेवटची कधी झाली, अहवाल कुठं लावलाय? चार, पाणीपट्टीचे किती जमले, किती पाण्यावरच खर्च झाले? सगळ्यात मोठे दहा थकबाकीदार कोण? आणि पाच, पाणीपुरवठा चालवायला देण्याचा काही प्रस्ताव आहे का? असेल तर तो मराठीत, सगळ्यांना वाचता येईल असा, ठरावाआधी जाहीर करणार का? उत्तर मिळालं नाही तर २००५ चा माहितीचा अधिकार आहेच. दहा रुपयांचा अर्ज आणि तीस दिवसांची मुदत. एका जारच्या पैशात तीन अर्ज होतात!

बैठकीतल्या त्या ताईंना मी एवढंच विचारलं, "कंपनीनं दर वाढवला आणि पाणी नाही आलं, तर तुम्ही कुणाच्या दारात जाणार? आता निदान मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलावर रिकामा हंडा आपटता येतो. पुण्या-मुंबईच्या ऑफिसात हंडा घेऊन जाणार का?" त्या हसल्या, पण मग म्हणाल्या, "हंडा आपटायला तरी आपण कधी गेलो, वहिनी?"

खरं बोलल्या त्या. वर्षातून एकदा, मे महिन्यात, पाणी अगदीच तुटलं की आपण मोर्चा काढतो, मडकी फोडतो, फोटो छापून येतो, आणि जूनमध्ये पाऊस पडला की विसरतो. पाण्याचा हिशेब मात्र बारा महिने विचारावा लागतो. आमच्या गटानं ठरवलंय, दर महिन्याच्या बैठकीत अर्धा तास पाण्याचा. कोणत्या गल्लीत किती दिवसांनी आलं, किती वेळ आलं, कसं आलं, हे वहीत लिहायचं, आणि तिमाहीला ती वही घेऊन नगरपालिकेत जायचं. तुमच्याही गावात एवढं करता येईल. खर्च काय, एक वही आणि एक पेन. पुढच्या सर्वसाधारण सभेची तारीख मात्र आजच विचारून ठेवा. पाण्याचे ठराव बऱ्याचदा शेवटच्या विषयात, ऐन वेळी, हात वर करून मंजूर होतात. तेव्हा प्रेक्षकांच्या बाकावर पंधरा-वीस बायका वह्या उघडून बसलेल्या असल्या, तर हात वर करणारा एकदा तरी विचार करेल.